उसन्या जागेवर किती दिवस खेळायचे?

आयर्लंडच्या अख्ख्या बेटावर, प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड दोन्ही धरून, सत्तर लाखांच्या आसपास माणसे राहतात. आपल्या मुंबई उपनगर या एका जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ९३ लाखांच्या पुढे गेली होती. त्या बेटावर ३२ काउंट्या आहेत आणि हर्लिंग, गेलिक फुटबॉल या तिथल्या मातीतल्या खेळांसाठी जवळपास प्रत्येक काउंटीला स्वतःचे मुख्य मैदान आहे. थर्ल्ससारख्या छोट्या गावातल्या सेंपल स्टेडियममध्ये ४५ हजार प्रेक्षक मावतात, डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार. आपल्या उपनगर जिल्ह्यात मात्र कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब यांचे हक्काचे, वर्षभर त्यांनाच मिळणारे आणि जिल्ह्याचे म्हणून ओळखले जाणारे क्रीडागृह नाही. अंधेरी आणि मुलुंडला महापालिकेची क्रीडासंकुले आहेत, पण त्यांची ओळख तरणतलाव, फुटबॉलचे मैदान आणि शेजारच्या नाट्यगृहाने ठरते. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यासाठी साकीनाक्याच्या परिसरात देशी खेळांचे एक माफक, कायमस्वरूपी क्रीडागृह उभारावे, असे मला वाटते. हे काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही, कारण ज्या जागांवर हे खेळ आजवर तगले त्या जागाच आता संपत चालल्या आहेत.

मुंबईत हे खेळ वाढले ते दुसऱ्याच्या जागेवर. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी, वरळी या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार चाळीत राहायचा, गिरणीत राबायचा आणि पाळी सुटली की चाळीच्या पटांगणात नाहीतर गिरणीलगतच्या मोकळ्या तुकड्यावर हुतूतू खेळायचा. जागा मालकाची आणि वहिवाट खेळाडूंची, असा तो मामला होता. जोवर गिरण्या चालू होत्या तोवर त्याने कुणाचे काही अडले नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाची घडीच विस्कटली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली होती: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरतीच उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. शहराच्या वाट्याला येऊ शकणारी शेकडो एकर जमीन त्यामुळे आक्रसली. घरांसाठी लढणारे होते, हिरवाईसाठी लढणारे होते. पण जिथे पिढ्यान्‌पिढ्या चढाई-पकडीचा सराव झाला त्या जागांवर खेळाचा म्हणून कसलाच लेखी हक्क नव्हता. वहिवाट कितीही जुनी असली तरी जमिनीचा व्यवहार होताना ती हिशेबात धरली जात नाही, एवढा धडा त्यातून घ्यायला हवा होता.

आज उपनगरांत तेच दुसऱ्यांदा घडत आहे. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, जोगेश्वरी, गोरेगाव इथली मंडळे वस्तीतल्या पटांगणात, शाळेच्या आवारात, एखाद्या राखीव पण विकसित न झालेल्या भूखंडावर सराव करतात. जुन्या वसाहतींचा पुनर्विकास झाला की इमारतींच्या मधले पटांगण मोटारींच्या तळासाठी आणि संकुलाच्या बगिच्यासाठी जाते, आणि बाहेरच्या मंडळाला फाटकातून आत घेत नाहीत. हिवाळ्यात स्पर्धांचा हंगाम येतो तेव्हा मिळेल त्या मैदानात माती टाकायची, चुन्याच्या रेषा आखायच्या, भाड्याचे दिवे आणि लोखंडी गॅलरी उभी करायची आणि चार-पाच रात्रींत सारे उपसून न्यायचे. स्पर्धेसाठी उभा केलेला पैसा दरवर्षी असा मांडवात जातो, प्रशिक्षकाला आणि खेळाडूला त्यातले फारसे काही उरत नाही. शिवाय तात्पुरत्या बांधणीला तात्पुरतेपणाचा धोका चिकटलेलाच असतो. मार्च २०२१ मध्ये तेलंगणातल्या सूर्यापेट इथे राष्ट्रीय ज्युनियर कबड्डी स्पर्धेच्या उद्घाटनालाच प्रेक्षकांची गॅलरी कोसळून शंभराहून अधिक माणसे जखमी झाली. राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेचे हे, तर गल्लीतल्या स्पर्धेचे काय?

जागेच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे मॅटचा. आंतरराष्ट्रीय कबड्डी आता मॅटवर खेळली जाते. मातीवर पाय रोवून पकड करणे वेगळे आणि बूट घालून मॅटवर वळणे वेगळे. मॅट अंथरायला सपाट, कोरडी आणि छताखालची जागा लागते, आणि ती नसेल तर मंडळाने मॅट विकत घेतली तरी ठेवायची कुठे हा प्रश्न उरतो. मुंबईच्या पावसाळ्याचे चार महिने मातीवरचा सराव तसाही थांबतो. म्हणजे छप्पर नसलेल्या मंडळातल्या मुलाचे वर्ष आठ महिन्यांचे, आणि मॅटशी त्याची गाठ बहुधा निवड चाचणीच्या वेळी. परंपरा आपली आहे, तेवढ्याने पदक आपले होत नाही. १९९० पासून सलग सात आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारताच्या पुरुष संघाला २०१८ मध्ये जकार्तात इराणने उपांत्य फेरीत हरवले, आणि त्याच स्पर्धेत महिलांचे सुवर्णही इराणने नेले. भारताने दोन्ही सुवर्णपदके पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत परत मिळवली हे खरे, पण इतर देश नुसते शिकत नाहीत तर सोयींसह शिकत आहेत, हे त्या पराभवाने दाखवून दिले.

आयर्लंडचा दाखला इथे उपयोगी पडतो, तो मैदानांच्या भव्यतेपेक्षा तिथल्या घटनाक्रमासाठी. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्समध्ये स्थापन झाली. इंग्रजी खेळांच्या रेट्यात देशी खेळ बुडू नयेत, हा तिचा हेतू होता. तिने नियम लिहिले, गावोगावचे क्लब काउंटीच्या मंडळाखाली आणले आणि मग जमिनीकडे मोर्चा वळवला. डब्लिनमधले आजचे क्रोक पार्क तिने १९१३ मध्ये साडेतीन हजार पौंडांना विकत घेतले. देश स्वतंत्र व्हायला अजून अवकाश होता, २१ नोव्हेंबर १९२० ला तर याच मैदानात सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार करून १४ जणांचे प्राण घेतले. तरी मैदान संस्थेचेच राहिले आणि पुढच्या शंभर वर्षांत तुकड्या-तुकड्याने वाढत गेले. खेळाडू आजही हौशी आहेत, त्यांना मानधन नाही; तिकिटाचा पैसा मैदानांत, प्रशिक्षणात आणि क्लबांत परत जातो. आपल्याकडेही सुरुवात फार मागे नव्हती. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले, हुतूतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्यात ठरले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. नियम झाले, संघटना झाल्या, स्पर्धा झाल्या. स्वतःच्या जमिनीची पायरी मात्र आपण गाळली.

अपवाद एका खेळाचा आणि एका शहराचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे कोलोसियम पाहिले आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेतले. ते १९१२ मध्ये पुरे झाले, म्हणजे क्रोक पार्कच्या खरेदीच्या एक वर्ष आधी. मधे मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली गोल बैठक, कुठूनही लढत स्पष्ट दिसावी अशी रचना आणि हजारो माणसांची सोय. कोल्हापूरच्या कुस्तीमागे तालमी होत्या, खुराक होता, राजाश्रय होता, हे सगळे मान्य. पण संस्थान विलीन झाले, राजाश्रय गेला, तरी मैदान उरले आणि कुस्तीला जाण्याचे ठिकाण उरले. मुंबईने क्रिकेटसाठी हेच केले. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चे. तिथल्या तिकिटांच्या वाटपावरून वाद झाला म्हणून मुंबई क्रिकेट संघटनेने चालत जाण्याच्या अंतरावर स्वतःचे वानखेडे स्टेडियम उभारले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. एका खेळाला एकाच टापूत दोन स्टेडियम बांधून देणाऱ्या महानगराला देशी खेळांसाठी उपनगरात एक जागा काढता येऊ नये, हे पटत नाही.

ती जागा साकीनाक्यालाच का? जिल्ह्याचे मैदान जिल्ह्याच्या सगळ्या टोकांना सारखे जवळ असले पाहिजे. उपनगर जिल्ह्याचे तीन तालुके आहेत: कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली. साकीनाका कुर्ला आणि अंधेरीच्या सांध्यावर आहे. पश्चिम आणि मध्य रेल्वेला जोडणारी पहिली मेट्रो ८ जून २०१४ पासून इथून धावते. घाटकोपरहून आणि अंधेरीहून ती थेट साकीनाका स्थानकावर येते. दहिसर-बोरिवलीकडून येणारी मेट्रो पश्चिम द्रुतगती मार्गाजवळ तिला भेटते आणि कुलाब्याकडची भुयारी मेट्रो शेजारच्या मरोळ नाक्याला. मुलुंडची खो-खोपटू आणि बोरिवलीचा मल्लखांबपटू दोघेही रस्त्यावरच्या कोंडीत न अडकता पोहोचू शकतील अशा जागा या जिल्ह्यात फार नाहीत. दुसरे कारण विमानतळाचे. धावपट्टी जवळ असल्याने या पट्ट्यात इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. टोलेजंग मनोऱ्यांसाठी गैरसोयीचा ठरणारा भूखंड बसक्या क्रीडागृहाला अडचणीचा नसतो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण जमिनीच्या बदलत्या वापराचे. साकी विहार रोड, खैरानी रोड, चांदिवली हा लहानमोठ्या कारखान्यांचा आणि गाळ्यांचा पट्टा. तिथले जुने कारखाने जाऊन कार्यालये आणि निवासी संकुले येत आहेत. २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीनुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या औद्योगिक भूखंडाचा वापर असा बदलताना त्यातला काही हिस्सा सार्वजनिक सुविधेसाठी सोडावा लागतो. गिरणगावात जी संधी हुकली ती इथे अजून पूर्ण हुकलेली नाही.

देशी खेळांना जागा किती थोडी लागते याचा अंदाज फारसा कुणी घेत नाही. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. महिलांचे १२ बाय ८. खो-खोचे २७ बाय १६. गेलिक खेळांचे मैदान किमान १३० बाय ८० मीटर असते, म्हणजे १०,४०० चौरस मीटर. त्या एका मैदानात कबड्डीची नुसती मैदाने बरोबर ८० बसतील, आणि प्रत्येकाभोवती चार-चार मीटर मोकळी जागा सोडली तरी पंचवीसच्या वर. तेव्हा आयर्लंडच्या धर्तीवर काउंटीचे मैदान म्हणताना डोळ्यांसमोर ४० हजारांचे स्टेडियम आणायचे कारण नाही. साधारण दोन एकर, म्हणजे आठ हजार चौरस मीटर, एवढ्या जागेत तीन-चार हजार प्रेक्षकांचे बंदिस्त क्रीडागृह, एका खो-खोच्या किंवा तीन-चार कबड्डीच्या मैदानांची एकसंध जमीन, पुरलेल्या आणि दोरीच्या मल्लखांबासाठी उंच छताचा एक भाग, बाहेर मातीची दोन मैदाने, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि साहित्याची कोठी हे सगळे बसू शकते. खर्चाच्या दृष्टीनेही मेट्रोच्या स्थानकाजवळ असल्याने मोटारींच्या तळाची मजलेच्या मजले बांधकामे टाळता येतील.

पहिला आक्षेप अर्थातच हा की, साकीनाक्याच्या आसपासच्या ज्या एल विभागात (महापालिकेच्या प्रभागात) माणसांना राहायला धड जागा नाही, रुग्णालये तुडुंब आहेत, तिथे खेळाचे चोचले कशाला? आक्षेप हलका नाही. जरीमरी, काजूपाडा, मोहिली इथल्या दाटीत राहणाऱ्या कुटुंबाची पहिली गरज घर, पाणी आणि दवाखाना हीच आहे. पण नियमावलीत सार्वजनिक सुविधांसाठी मिळणारी जमीन एकाच कामासाठी नसते. दवाखाना, शाळा, बाजार आणि मैदान यांच्यात ती वाटायची असते, आणि त्या वाटणीत मैदान बहुतेक वेळा शेवटी येते. मुंबईत दरडोई मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाही, तर केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत १० ते १२ चौरस मीटरची अपेक्षा आहे. घर जितके लहान तितकी घराबाहेरच्या जागेची गरज मोठी. ज्याच्या घरात हातपाय पसरायला जागा नाही त्याच्यासाठी मैदान ही चैन कशी म्हणता येईल? याच आक्षेपाची दुसरी बाजू मोकळ्या जागांसाठी झगडणारे कार्यकर्ते मांडतात: स्टेडियम म्हणजे बांधकाम, आणि बांधकाम म्हणजे आहे ती मोकळी जागा कमी होणे. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून अट स्पष्ट असावी की आज जे मैदान किंवा उद्यान आहे त्यावर एक वीटही चढणार नाही. क्रीडागृहाची जमीन औद्योगिक वापरातून बाहेर पडणाऱ्या भूखंडांतूनच यावी.

दुसरा आक्षेप पांढऱ्या हत्तीचा. सरकारी क्रीडासंकुले उद्घाटनानंतर लग्नसमारंभ, संगीताच्या मैफली आणि प्रदर्शने यांना भाड्याने जातात, छप्पर गळू लागते आणि खेळाडू फाटकाबाहेरच राहतो, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. आयर्लंडमध्येही सगळे गोडच नाही. कॉर्कचे पार्क ई ख्वीव्ह हे मैदान २०१७ मध्ये नव्याने बांधून झाले तेव्हा खर्च अंदाजाच्या पुढे गेला आणि कर्जाचा बोजा काउंटीच्या मंडळावर येऊन पडला. बेलफास्टचे केसमेंट पार्क २०१३ मध्ये बंद झाले. ३८ हजार आसनांचा आराखडा आसपासच्या रहिवाशांना मानवला नाही, २०१४ मध्ये न्यायालयाने परवानगी रद्द केली आणि त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ मैदान गवत वाढवत पडून राहिले. या दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते: वस्तीला पेलेल त्यापेक्षा मोठे बांधले की खेळ बाजूला राहतो आणि इमारत पोसावी लागते. म्हणूनच मी तीन-चार हजारांचा आकडा धरला आहे. एवढे क्रीडागृह जिल्हा निवड चाचण्या, शालेय स्पर्धा, आंतरकार्यालयीन स्पर्धा आणि मंडळांच्या हिवाळी स्पर्धा यांनी भरू शकते, आणि सकाळ-संध्याकाळच्या सरावाने ते रिकामे राहणार नाही. इतर कार्यक्रमांना वर्षात किती दिवस द्यायचे याची मर्यादा भाडेकरारातच लिहिलेली असावी आणि दिवसांचे वेळापत्रक सर्वांना पाहता यावे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, कारण तो खेळाच्या आतला आहे: जागा दिली तर ती सांभाळणार कोण? आपल्या क्रीडा संघटनांचा इतिहास निवडणुका, गटबाजी आणि न्यायालयीन खटल्यांनी भरलेला आहे. खुद्द राष्ट्रीय कबड्डी महासंघाचा कारभार दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रशासकाकडे सोपवला आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहिला. मोकळे भूखंड खासगी संस्थांना सांभाळायला दिले की तिथे सदस्यत्वाचे दर आणि बंद फाटके येतात, हाही मुंबईचा अनुभव आहे. महापालिकेचे दत्तक धोरण याच संतापामुळे २०१६ मध्ये थांबवावे लागले. या शंकेला उत्तर म्हणून आयर्लंडचे प्रारूप जसेच्या तसे उचलून चालणार नाही. तिथे जमीन संघटनेच्या मालकीची आहे, इथे ती महापालिकेच्याच मालकीची राहावी. चालवण्यासाठी एक विश्वस्त मंडळ असावे, त्यात उपनगर जिल्ह्याच्या कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब संघटना, महापालिका, जिल्हा क्रीडा कार्यालय आणि नोंदणीकृत मंडळांनी निवडलेले प्रतिनिधी असावेत. एखाद्या संघटनेत वाद उद्भवला तर तिचे मत गोठावे, पण सरावाच्या वेळा चालू राहाव्यात. जमाखर्च दरवर्षी जाहीर व्हावा. मूळ गोष्ट अशी की, मालकी सार्वजनिक आणि वापराचा हक्क खेळाचा, या दोन्ही गोष्टी कागदावर असल्या पाहिजेत. गिरणगावात पहिली नव्हती आणि दुसरी तर नव्हतीच.

चौथा युक्तिवाद बाजारवाद्यांचा आहे. प्रो कबड्डी लीग आली, दूरचित्रवाणीवर करोडो प्रेक्षक मिळाले, आता खेळाची सोय बाजारच लावेल, असे ते म्हणतात. लीगने कबड्डीपटूला जे नाव आणि पैसा दिला त्याला नाके मुरडणे दांभिकपणाचे होईल. पण तिचा पहिला सामना २६ जुलै २०१४ ला जिथे झाला ते वरळीचे बंदिस्त क्रीडागृह एका खासगी क्रीडा क्लबचे आहे, आणि २०२० मध्ये महासाथीच्या वेळी त्याचे करोना केंद्र झाले तसे एरवीही ते अनेक कामांना जाते. पुढे लीगने मोजकीच शहरे निवडून सामने घ्यायला सुरुवात केली. २०२४ चा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला, २०२५ चा विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. मुंबईचे नाव लावणारा संघ मैदानात होता, मुंबई मात्र वेळापत्रकात नव्हती. लीगचे गणित प्रक्षेपणाच्या हक्कांवर चालते, आणि कुठल्या वस्तीत मुलांना सराव मिळतो हे पाहणे तिचे काम नाही. खो-खोचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. महिनाभर कौतुक झाले. पण कौतुकाने सरावाची जागा तयार होत नाही, ती सार्वजनिक निर्णयानेच होते. मल्लखांबाचे उदाहरण याला उलट्या बाजूने पुष्टी देते. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराला शिवाजी पार्कवर स्थिर ठिकाण मिळाले, तिथे उदय देशपांडे यांच्यासारख्या गुरूने आयुष्य वेचले, आणि फेब्रुवारी २०१९ मधली पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा तिथेच भरली. गुरू, शिष्य आणि जागा तिन्ही एका ठिकाणी टिकली की काय होते ते यात दिसते.

शेवटचा आक्षेप अस्मितेचा आहे. साकीनाका ही कष्टकऱ्यांची बहुभाषिक वस्ती. उत्तर प्रदेश, बिहार, तमिळनाडू, आंध्र असे कुठकुठून आलेले लोक इथे राहतात. अशा ठिकाणी ‘मराठी मातीतले खेळ’ म्हणून वास्तू उभारणे हा राजकीय झेंडा होईल, अशी भीती काहींना वाटते. ती पूर्ण निराधार नाही. गेलिक संघटनेनेही एके काळी क्रिकेट, रग्बी, सॉकर खेळणाऱ्या सदस्यांवर बंदी घातली होती. ती बंदी १९७१ मध्ये उठली, आणि २००५ मध्ये मैदानांवर इतर खेळ न होऊ देण्याचा नियम शिथिल केल्यानंतर २००७ मध्ये क्रोक पार्कवर रग्बीचा इंग्लंड संघही येऊन खेळला. १९२० चा गोळीबार ज्या मैदानाने पाहिला तिथे इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले आणि प्रेक्षकांनी ते शांतपणे ऐकले. स्वतःची जागा पक्की असली की पाहुण्याला दार उघडणे सोपे जाते. आपल्याकडे तर दार मुळातच उघडे आहे. कबड्डी जितकी महाराष्ट्राची तितकीच हरियाणाची, तमिळनाडूची आणि बिहारची. काजूपाड्यातल्या मुलाला या खेळाची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि त्याला साहित्यावर पैसेही घालवावे लागत नाहीत. वेगवेगळ्या भाषांची मुले एका संघात येण्यासाठी एवढा स्वस्त आणि एवढा ओळखीचा खेळ दुसरा नाही. वास्तूला नाव कुणाचे द्यायचे यावर भांडण होऊ शकते, मॅटवर सरावाची वेळ सगळ्यांना मिळाली म्हणजे झाले.

या सगळ्यात मुलींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. रस्त्यालगतच्या पटांगणात दिवेलागणीनंतर सराव करणे, स्वच्छतागृह नसणे, कपडे बदलायला आडोसा नसणे या गोष्टी मुलग्यांना त्रासाच्या असतात आणि मुलींचा खेळ थांबवतात. शाळेत खो-खो उत्तम खेळणारी मुलगी दहावीनंतर मैदानातून दिसेनाशी होते, त्यात अभ्यासाचा वाटा असतो तसा जागेचाही असतो. मेट्रोच्या स्थानकाजवळ, छताखाली, उजेडात आणि देखरेखीत असलेले क्रीडागृह त्यांच्या खेळाला आणखी पाच-सात वर्षे देऊ शकते. सरावाच्या वेळांपैकी निम्म्या मुलींच्या आणि महिलांच्या संघांना राखून ठेवायला पहिल्या दिवसापासून सुरुवात केली तर नंतर त्यासाठी आंदोलन करावे लागणार नाही.

मागणी आता नेमकी करायला हवी, कारण मोघम मागण्यांना मोघम आश्वासनेच मिळतात. महापालिकेने साकीनाका, चांदिवली आणि मरोळ या पट्ट्यात औद्योगिक वापर बदलताना सुविधांसाठी ताब्यात आलेल्या आणि येणाऱ्या भूखंडांची यादी जाहीर करावी. त्यातला साधारण दोन एकरांचा एक भूखंड देशी खेळांच्या जिल्हा क्रीडागृहासाठी विकास आराखड्यात नावानिशी आरक्षित करावा. बांधकामाचा निधी राज्याच्या जिल्हा क्रीडा संकुल योजनेतून आणि महापालिकेच्या अर्थसंकल्पातून यावा, आणि विश्वस्त मंडळाची घटना बांधकामाआधी ठरावी. महाराष्ट्रात १५ जुलै हा शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या जन्मदिनानिमित्त कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी हारतुरे आणि भाषणे होतात, व्हायलाही हवीत. मात्र व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला उपनगरातल्या मंडळांनी एकच प्रश्न विचारावा: आरक्षणाचा ठराव कधी मांडणार? पुनर्विकासाचे आराखडे मंजूर होण्याचा वेग पाहता, या प्रश्नाला उत्तर मिळवण्यासाठी हाताशी असलेली वर्षे फार नाहीत.